बाजारगावांची खाद्ययात्रा : जुन्नर आणि आंबेगाव

पुणे-नाशिक महामार्गावर खेडचा घाट ओलांडला, की आंबेगाव तालुका सुरू होतो. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशी गावे मग एकामागून एक लागतात. शनिवार-रविवारी भीमाशंकर, शिवनेरी, लेण्याद्री, ओझर किंवा माळशेज घाटाकडे निघालेल्या पुणेकर-मुंबईकरांच्या दृष्टीने ही गावे म्हणजे चहा-मिसळीचे थांबे. प्रत्यक्षात मात्र शहरातल्या भाजीच्या पिशवीत जे असते, त्यातील बरेचसे याच गावांच्या बाजार आवारांतून हातावेगळे झालेले असते. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, द्राक्षे, दूध यांचा हा मुलूख आहे. येथे काय खावे, हे समजून घ्यायचे तर आधी येथे काय विकले जाते, हे पाहावे लागते. महामार्गावरील चकचकीत हॉटेलांच्या पाट्या त्याबाबत फारशी मदत करीत नाहीत.

बाजार आणि भोजन यांची येथील सांगड फार जुनी आहे. सातवाहन काळात कल्याण बंदरातून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तेथून पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांतील शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यापारी संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांची संघटना असावी, तिच्याकडे लेणे कोरवून घेण्याइतका पैसा असावा आणि हे सुमारे १८०० वर्षांपूर्वी घडावे, यावरून त्या काळच्या जुन्नर बाजाराची कल्पना येते. आणखी एका लेखात चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघाला भोजनमंडप दिल्याचे म्हटले आहे. यवन म्हणजे ग्रीक अथवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. बाहेरून आलेल्या माणसाने येथील लोकांच्या जेवणाची सोय करावी, ही गोष्ट आजच्या पर्यटन विभागानेही लक्षात ठेवावी अशी आहे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून घाटावर आला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडला. विकण्यासाठी आणलेला घोडा येथील सुभेदार असद खानाने काही काळ अडकवून ठेवला, म्हणून त्याला या गावाची आठवण कडूच राहिली. तरीही त्याने बारकाईने टिपणे केली. परदेशी व्यापारी धर्मशाळांत उतरतात आणि तेथील बायका त्यांना रांधून घालतात, असे तो लिहितो. घोड्यांना हरभरा आणि तूप-साखर घातलेली खिचडी चारतात, याचे त्याला नवल वाटले होते. त्या वेळी जुन्नर बहामनी राज्यात होते. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने येथूनच निजामशाहीची स्थापना केली. अहमदनगर वसले ते नंतर. निकितिनने पाहिलेल्या जुन्नरमध्ये मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटाही नव्हता. ही तिन्ही पिके अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात आली. आज याच परिसराची ओळख टोमॅटो आणि बटाट्याने व्हावी आणि मिरचीवाचून येथील एकही रस्सा पुरा होऊ नये, हा इतिहासाचा विनोद म्हटला पाहिजे.

मासवडीचा मुलूख

जुन्नर-आंबेगावचे नाव ज्या पदार्थाशी जोडले गेले आहे, तो पदार्थ म्हणजे मासवडी. नावात मासा असला तरी ती पूर्णपणे शाकाहारी आहे. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ हळद, तिखट, मीठ घातलेल्या फोडणीच्या पाण्यात वैरून घट्ट हाटायचे, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर सारण पसरायचे आणि फडक्याच्या आधाराने गुंडाळी करायची, असा तिचा क्रम आहे. सारणात भाजलेले तीळ, किसून भाजलेले सुके खोबरे, लसूण, परतलेला कांदा, कोथिंबीर आणि घरचा मसाला असतो. ऐपतीप्रमाणे खसखसही पडते. गुंडाळी दोन्ही बाजूंनी दाबून तिला लांबट, वर निमुळता आकार देतात. सुरीने आडवे काप काढले, की प्रत्येक वडी मासळीच्या तुकडीसारखी दिसते. त्यावरून हे नाव पडले.

हे वाचताना सोपे वाटते. पण पीठ हाटताना एक गुठळी राहिली तर वडी फुटते. पीठ सैल राहिले तर आकार धरत नाही आणि जास्त शिजले तर थापताना चिरा पडतात. चटका सोसत, पीठ निवण्याच्या आत सगळे उरकावे लागते. म्हणूनच मासवडी हे एकट्यादुकट्या बाईचे काम मानले जात नाही. घरात पाहुणे असले, की शेजारपाजारच्या दोघी-तिघी मदतीला येतात. माळकरी घरांत मांसाहार वर्ज्य असल्याने पाहुणचाराचा मान मासवडीकडे जातो. हरिनाम सप्ताहाच्या पंगतींतही तिने शिरकाव केला आहे.

वडीइतकेच महत्त्व रश्श्याला आहे. कांदा आणि सुके खोबरे भाजून वाटायचे, आले-लसूण आणि खडा मसाला घालायचा, तेलावर चांगले परतायचे आणि मगच पाणी ओतायचे. वर तांबूस तवंग आला नाही तर तो रस्सा येथे कोणी रस्सा मानत नाही. वडी रश्श्यात शिजवीत नाहीत. ती ताटात कोरडी वाढतात, रस्सा वाटीत वेगळा असतो. बाजरीची भाकरी रश्श्यात चुरून खायची आणि वडी मधूनमधून तोंडी लावायची, ही स्थानिक रीत. शहरी पाहुणे सगळ्या वड्या वाटीत बुडवतात आणि मग त्या विरघळल्याची तक्रार करतात.

गेल्या दोन-तीन दशकांत मासवडी घरातून हॉटेलात आली. आळेफाटा, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात ‘मासवडी थाळी’च्या पाट्या जागोजागी दिसतात. बचत गटांच्या महिला मागणीप्रमाणे मासवड्या करून देतात आणि पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी तिच्या गाळ्यांपुढे रांगा लागतात. घरातल्या बायकांच्या हातच्या कसबाला त्यामुळे दाम मिळू लागला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु हॉटेलातील मासवडीत पिठाचा थर जाड आणि सारणाची रेघ बारीक होत चालली आहे, हेही खरे. तीळ आणि खोबरे महाग, बेसन त्या मानाने स्वस्त, एवढेच त्याचे कारण. चांगल्या मासवडीची परीक्षा सोपी आहे. वडी कापल्यावर आतले सारण पिठाच्या थराइतके तरी दिसले पाहिजे आणि तीळ दाताखाली आले पाहिजेत. गर्दीचे हॉटेल शोधण्यापेक्षा आदल्या दिवशी सांगून घरगुती खानावळीत जेवणारा येथे अधिक सुखी होतो.

मासवडीच्या झगमगाटात हुलग्याचे शेंगोळे मात्र मागे पडले. हुलग्याच्या पिठाचे हाताने वळलेले वेटोळे लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवतात. थंडीच्या दिवसांत गरम शेंगोळ्यांएवढे समाधान देणारे दुसरे काही नाही. हॉटेलात ते क्वचितच मिळतात. कारण हुलग्याचा काळपट रंग थाळीच्या छायाचित्रात खुलत नाही.

नारायणगावचा लाल चिखल

मीना नदीकाठचे नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे यात्रा समितीचे कारभारी सुपारी ठरवायला येतात. त्या दिवसांत येथल्या खानावळींना उसंत नसते. पण वर्षातील उरलेल्या काळात गावाचा खरा फड रंगतो तो टोमॅटोच्या बाजारात.

जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा नारायणगाव येथील उपबाजार ही राज्यातील टोमॅटोची एक प्रमुख बाजारपेठ आहे. उन्हाळी लागवडीचा माल सुरू झाला, की पावसाळा सरेपर्यंत येथे प्लास्टिकच्या क्रेटची भिंत उभी असते. एका क्रेटमध्ये २० किलो माल बसतो आणि भाव क्रेटवरच बोलला जातो. रंग, आकार, कडकपणा पाहून व्यापारी प्रतवारी ठरवतात. लांबच्या बाजारपेठेसाठी थोडा कच्चा, कवडी फुटलेला माल लागतो. पूर्ण लाल झालेला माल जवळच खपवावा लागतो. पाहणाऱ्याला सारे आवार लाल दिसते. पावसात फुटक्या टोमॅटोंचा अक्षरशः चिखल होतो.

२०२३ चा जुलै महिना या बाजाराने कधी पाहिला नव्हता असा होता. उन्हाळ्यात भाव पडल्याने अनेकांनी प्लॉट सोडून दिले होते, देशभर आवक घटली आणि नारायणगावला चांगल्या मालाचा क्रेट २,००० रुपयांच्या वर गेला. काही शेतकऱ्यांनी त्या हंगामात कोटीचा आकडा गाठला आणि त्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आवक वाढताच भाव इतके कोसळले, की तोडणीची मजुरी निघेना. पहिली बातमी वाचून लागवड करणारे दुसऱ्या बातमीत सापडले. टोमॅटो साठवता येत नाही आणि बांबू-तार, मल्चिंग, औषधे यांवर एकरी लाखाच्या घरात खर्च आधीच झालेला असतो. म्हणून भाव पडला तरी माल बाजारात आणावाच लागतो. शहरात टोमॅटो महागला, की होणाऱ्या ओरडीत हा अर्धा हिशेब कधीच ऐकू येत नाही.

याच गावात पालेभाज्यांचे लिलाव होतात. कोथिंबीर, मेथी, शेपू यांच्या जुड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो. पाऊस झाला, की कोथिंबीर सडते आणि शेकड्याचा भाव एका दिवसात दुप्पट होतो. उघडीप मिळाली, की उतरतो. हॉटेलवाला थाळीवर भुरभुरलेली कोथिंबीर कधी वाढवतो आणि कधी आखडतो, याचा उलगडा येथे होतो.

गोळा, गोल्टी आणि बदला

कांद्याचा बाजार टोमॅटोपेक्षा शांत, पण अधिक मुरलेला आहे. ओतूर, आळेफाटा, जुन्नर आणि मंचर ही त्याची मुख्य ठिकाणे. लासलगावला कांदा ट्रॅक्टर-ट्रॉलीत मोकळा येतो आणि भाव क्विंटलवर निघतो. येथे मात्र तो गोण्यांत भरून येतो आणि भाव दहा किलोवर बोलला जातो. शहरी वाचकाने दोन्हीकडचे आकडे ताडून पाहताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळेल. लिलावात गोणी फोडून कांदा ओतून दाखवतात. मोठ्या, एकसारख्या कांद्याला ‘गोळा’ म्हणतात, लहानाला ‘गोल्टा’, त्याहून लहानाला ‘गोल्टी’ आणि डागी, जोड मालाला ‘बदला’. उन्हाळी कांदा शेतकरी बराखीत साठवतो. बराखी म्हणजे हवा खेळती राहील अशी बांबू-लाकडाची किंवा लोखंडी जाळीची कांदाचाळ. तिच्यात महिनोन्महिने थांबलेला कांदा हा शेतकऱ्याने खेळलेला जुगारच असतो. निर्यातीवरील एका आदेशाने तो रातोरात हरवता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली, तेव्हा या भागातील कांदा उत्पादक रस्त्यावर उतरले होते.

फळे-भाजीपाल्यावरील अडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम झाला. हमाली-तोलाईचे वाद अजूनही अधूनमधून उपटतात.

मंचरची बाजारपेठ कांद्याइतकीच बटाट्यासाठी ओळखली जाते. मे-जूनमध्ये पंजाबातून आलेले बटाट्याचे बियाणे येथे विकले जाते आणि पहिल्या पावसावर पेठ, कुरवंडी, कारेगाव, भावडी या सातगाव पठारावरील गावांत त्याची लागवड होते. बटाटा हे बहुतेक ठिकाणी थंडीचे पीक. पावसाळ्यात ते घेणारा हा वेगळा पट्टा आहे. वेफर्स बनवणाऱ्या कंपन्या येथे करार शेतीही करतात.  कळमोडी धरणाचे पाणी मिळावे ही तेथील मागणी अनेक वर्षांची आहे.

आठवडे बाजार आणि यात्रा

लिलावाचे आवार पाहणाऱ्यासाठी, तर आठवडे बाजार खाणाऱ्यासाठी. जुन्नरचा बाजार रविवारी, बेल्ह्याचा सोमवारी भरतो. कडधान्ये, गूळ, मिरची, गावरान लसूण, सुके बोंबील आणि सुकट यांचे ढीग ओळीने मांडलेले असतात. कडेला भेळ, भजी, जिलेबी आणि गोडीशेव यांची दुकाने लागतात. गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळवलेली. यात्रेहून परतणाऱ्याच्या हातात रेवड्यांबरोबर तिची पुडी असायचीच. आता चॉकलेटच्या जमान्यात मुले तिच्याकडे पाहत नाहीत, पण म्हातारी माणसे अजून मागून घेतात.

बेल्ह्याच्या बाजाराचे मूळ आकर्षण बैल. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा शर्यतीच्या बैलांची मागणी खालावली आणि यात्रांचा रंगही फिका पडला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. शर्यती परतल्या, तसे चैत्र-वैशाखातील यात्रांना गर्दीही परतली. यात्रेच्या दिवशी येथे हॉटेल शोधण्याचे कारण नसते. ओळखीपाळखीचा कोणीही पाहुणा असतो आणि पाहुणा जेवल्याशिवाय गाव सोडू शकत नाही. बाह्यवळण रस्त्यांमुळे महामार्गाची वाहने गावाबाहेरून जाऊ लागली, त्याचा फटका मात्र एसटी स्थानकाजवळच्या जुन्या उपाहारगृहांना बसला. बाजाराच्या दिवशीच त्यांचे बाक भरलेले दिसतात.

पश्चिमेचे ताट

घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाकडे किंवा जुन्नरहून नाणेघाटाकडे वळले, की ताट बदलते. हा महादेव कोळी समाजाचा डोंगराळ, धो धो पावसाचा प्रदेश. बाजरीची जागा नाचणी आणि तांदळाची भाकरी घेते, वरईचा भात आणि उडदाचे घुटे येते, खुरासणीचे तेल येते. पावसाळ्यात ओढ्यातील खेकड्यांचा रस्सा असतो. पहिल्या पावसानंतर भारंगी, कुरडू, टाकळा, चाईचा मोहोर, करटोली अशा रानभाज्या निघतात. कोणती भाजी कितीदा उकळून पाणी टाकायचे, कोणती कोवळीच खुडायची, हे ज्ञान घरातल्या वयस्क बायकांकडे आहे आणि ते पुस्तकात नाही. कृषी विभाग अलीकडे रानभाजी महोत्सव भरवतो. त्या निमित्ताने शहरवासीयांना या भाज्यांची तोंडओळख होते. चव मात्र चुलीजवळच कळते.

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळाले, ते आंबेगाव याच पाण्याखाली गेले. जमिनी बुडालेल्या आदिवासींपैकी काहींनी जलाशयातील मासेमारी हे उपजीविकेचे साधन केले. डोंगरातील हिरडा हे दुसरे साधन. बाळहिरड्याच्या विक्रीवर अनेक घरांचा पावसाळ्याचा किराणा अवलंबून असतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे झोडपली, तेव्हा त्या किराण्यावरच घाला आला आणि भरपाईसाठी पुढे आंदोलने करावी लागली. भीमाशंकरला जाणाऱ्याने वाटेतील एखाद्या आदिवासी घरी सांगून जेवण घेतले, तर त्याला चांगले ताट मिळते आणि त्या घराला चार पैसे.

बाकीचे थोडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नारायणगाव परिसरात काळ्या जम्बो द्राक्षांचे ढीग रस्त्याकडेला दिसतात. खरेदी करताना देठ हिरवा आहे ना ते पाहावे. १९८० च्या दशकात येथील एका कंपनीने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाईन काढून परदेशी पाठवली होती. पुढे ती कर्जात बुडून बंद पडली. मंचरजवळ १९९२ मध्ये सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचे तूप आणि चीज आज देशभर जाते, मात्र गावातल्या ताटात चीज अजून आलेले नाही. माळशेजला पावसात कांदाभजी आणि भाजलेले कणीस यापलीकडे काही मागू नये. ओझर आणि लेण्याद्रीला चतुर्थीच्या दिवशी जेवणाची घाई करू नये.

ओतूरच्या कपर्दिकेश्वर मंदिरात श्रावणातील दर सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, अशी त्यांची संख्या वाढत जाते. चिकट काही न वापरता तांदळाचे दाणे उभे कसे राहतात, हे पाहायला दुरून लोक येतात. आणि आळेफाट्याहून नगरच्या दिशेने बेल्हे मागे टाकून चढणाऱ्यास आणे गाव लागते. पाऊस कमी, माळ उघडा, बागायती पश्चिमेशी काही नाते नसलेला हा कोपरा. तेथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला हिवाळ्यात यात्रा भरते. एक दिवस पुरणपोळीचा असतो, दुसरा आमटी-भाकरीचा. मोठमोठ्या कढयांत आमटी उकळत असते, भाकऱ्या घराघरांतून भाजून येतात आणि माळावर बसलेल्या हजारोंच्या पंगतीत त्या वाढल्या जातात. आमटी तिखटजाळ असते. थंडीत ती पिताना नाक-डोळे वाहू लागतात, तरी लोक दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात. तारीख तिथीप्रमाणे बदलते, म्हणून निघण्यापूर्वी पंचांग पाहावे आणि सोबत स्वतःची वाटी न्यावी.